नऊ नंबरची शिवण

आमच्या कोपर स्टेशनजवळच्या सोसायटीच्या गच्चीवर एका निळ्या ड्रममध्ये शिवणीचं झाड आहे. गेल्या उन्हाळ्यात ते मी घोडबंदर रोडवरून आणलं. सतराव्या मजल्यावरून सामानाच्या लिफ्टने ड्रम उतरवताना दळवी काकांचा मुलगा महेश दोनदा म्हणाला, "प्रज्ञाताई, नको असेल तर सांग हां, इथल्या गार्डनवाल्याला देऊन टाकतो." बाल्कनीत एवढं वजन ठेवू नका, असं पत्र त्याला सोसायटीने पाठवलेलं होतं. खाली टेम्पोवाला मला पुढे बसा म्हणून आग्रह करत होता. मी मागेच बसले, ड्रमला दोन्ही हातांनी धरून. कोपरपर्यंत त्या माणसाने मला आरशातून तीन-चारदा तरी बघितलं असेल.

रोज सकाळी कामाला निघण्याआधी मी गच्चीवर जाते आणि ड्रम पाव फिरवते. चार दिवसांत त्याची एक फेरी पूर्ण होते. झाड उजेडाकडे झुकतं, म्हणून त्याच्या सगळ्या अंगांना सारखा उजेड द्यायचा. ही पद्धत काकांची. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी मला मागे विचारलं, हे वास्तूसाठी करता का. मी हो म्हटलं. खरं सांगायला गेले असते तर गाडी चुकली असती.

काकांच्या शोकसभेत सगळे चांगलं बोलले. मलाही बोलायला सांगितलं होतं, पण मी उठले नाही. मला जे सांगायचं होतं ते हार घातलेल्या फोटोसमोर सांगण्यासारखं नव्हतं.

माझं लहानपण ठाण्याच्या कोपरीत गेलं, स्टेशनच्या पूर्वेला, तीन मजली इमारतीत. आम्ही पहिल्या मजल्यावर, दळवी तळमजल्यावर. माझे वडील रेल्वेत फिटर आणि काका जंगल खात्यात. वडील जिन्यात भेटले की "जय भीम, दळवीसाहेब" म्हणायचे, काकाही "जय भीम, जाधवसाहेब" म्हणायचे, आणि मग दोघे साहेब आपापल्या घरी जाऊन बनियनवर बसायचे. काका मूळचे सावंतवाडीकडचे. बोलणं पुस्तकी, पण राग आला किंवा जीव हळवा झाला की तोंडातून मालवणी बाहेर यायची. त्यामुळे काकू म्हणायच्या, ह्यांचं मनातलं कळायला वेगळं काही लागत नाही, भाषा बदलली की समजायचं.

खात्यात त्यांचं काम होतं झाडांची निवड करण्याचं. लावणीसाठी बी कुठून घ्यायचं, हा प्रश्न. जंगलात हजार झाडं असतात. त्यांतलं सरळ, निरोगी, भरभर वाढलेलं झाड शोधायचं, त्याला नंबर द्यायचा, त्याचं बी गोळा करायचं, रोपं करून लावायची आणि मग वाट बघायची. पोरं चांगली निघाली तर आईचं बी घ्यायचं, नाही तर आई कितीही देखणी असली तरी सोडून द्यायची. त्या निवडलेल्या झाडाला ते मातृवृक्ष म्हणत. बोलताना मात्र नुसता नंबर. "काल सहा नंबरला जाऊन आलो," असं ते एखाद्या नातेवाइकाकडे जाऊन आल्यासारखं सांगत.

झाडाचा घेर जमिनीपासून साडेचार फुटांवर मोजतात. काका दरवेळी ती उंची मोजत बसायचे नाहीत. त्यांच्या प्रत्येक शर्टाचं कॉलरखालचं दुसरं बटण लाल दोऱ्याने शिवलेलं असायचं. झाडाला चिकटून उभं राहायचं, लाल दोरा खोडाला जिथे टेकेल तिथे टेप लावायचा. लग्नाच्या शर्टालासुद्धा काकूंनी लाल दोरा घातलेला मी पाहिला आहे. पुढे वय झालं, पाठ वाकली, उंची कमी झाली. तेव्हा काकांनी एकदा भिंतीला उभं राहून स्वतःला मोजलं आणि लाल दोरा कॉलरखालच्या पहिल्या बटणावर नेला. म्हातारपण त्यांनी एवढ्यावर मिटवलं.

निवडीचा त्यांचा एक नियम मला फार जाचला. झाड एकटं बघायचं नाही. त्याच्याच वयाची, त्याच मातीतली आजूबाजूची पाच झाडं बघायची आणि मग ठरवायचं. मला दहावीला एक्क्याण्णव टक्के मिळाले तेव्हा बाबांनी पूर्ण इमारतीत पेढे वाटले. काकांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "तुझ्या बाकाच्या आसपासच्या पाच जणींना किती?" मी सांगितलं. त्यात दोघींना माझ्याहून जास्त होते. "म्हणजे माती चांगली आहे," ते म्हणाले. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पुढे संशोधनाला लागल्यावर कळलं की मला मिळालेला तो पहिला धडा होता.

दुसरा नियम 'अ'चा. त्यांच्या वहीत जिथे नक्की माहीत नाही तिथे 'अ' लिहायचं. अज्ञात. अंदाज लिहायचा नाही, जागा कोरी ठेवायची नाही, 'बहुतेक' हा शब्द तर वहीत औषधालाही नाही. "अ लिहायला लाज वाटता कामा नये," ते म्हणायचे. "अंदाजाने भरलेला चौकोन खरा दिसतो. मग त्याच्यावर दुसरा माणूस घर बांधतो." घरात हा अ सगळीकडे चालायचा. भाजीत मीठ बरोबर आहे का, असं काकूंनी विचारलं आणि काकांचं लक्ष पेपरात असलं तर ते "अ" म्हणायचे. काकू एकदा चिडून म्हणाल्या, मी दुसऱ्या कुणाबरोबर निघून गेले तर हे पोलिसांत काय सांगतील, 'अ'.

निवृत्त झाल्यावर बहुतेक माणसं देवळात नाही तर बँकेत जाऊन बसतात. काकांनी स्वतःची चाचणी लावायला घेतली. नोकरीभर सागाचं काम केलं, पण जीव शिवणीवर होता. शिवण सरळ वाढते, हलकं आणि टिकाऊ लाकूड देते, आणि सागाइतकं थांबायला लावत नाही. सात-आठ वर्षांत कळतं. ठाण्यापासून मुरबाडपर्यंत हिंडून त्यांनी बारा मातृवृक्ष ठरवले. त्यांतलं नऊ नंबर घोडबंदर रोडच्या कडेला, एका बसस्टॉपच्या मागे उभं होतं. तेव्हा तो रस्ता आजच्यासारखा नव्हता. काकांचा त्या झाडावर इतका जीव होता की ते बसमधून जाताना त्या स्टॉपवर उगाच उतरायचे आणि मागची बस पकडायचे. मला एकदा घेऊन गेले. पाठ खोडाला लावून वर बघायला सांगितलं. मी वर बघितलं, पंधरा-वीस फुटांपर्यंत एक फांदी नाही. "आता सांग," ते म्हणाले. मान दुखेपर्यंत मी वर बघत राहिले.

बारा आयांची प्रत्येकी चोवीस रोपं त्यांनी आमच्या इमारतीच्या मागच्या अंगणात वाढवली. दोन वर्षं त्यात गेली: एका वर्षीचं बी उगवलंच नाही. जमीन मिळाली कल्याणच्या पुढे, एका आश्रमशाळेच्या मागची अर्धा एकर. मी तेव्हा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि सुट्टीभर काकांची मदतनीस. कुठलं रोप कुठे लावायचं हे ते स्वतः ठरवत नसत. सगळ्या जमिनीचा कस सारखा नसतो, आणि आपल्या आवडत्या झाडाला आपण नकळत चांगला कोपरा देतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून चिनी मातीच्या लोणच्याच्या बरणीत बारा चिठ्ठ्या टाकायच्या आणि एकेक काढायची. ज्याची चिठ्ठी निघेल त्याची सहा रोपं त्या ओळीत. जमिनीच्या चार भागांत असं चार वेळा. चिठ्ठ्या मी काढल्या, नकाशाही मीच लिहिला. ओळ चुकू नये म्हणून काका माझ्या हाताखाली फूटपट्टी धरून बसले होते. त्या नकाशाला आंब्याच्या लोणच्याचा वास यायचा.

लावणीच्या दिवशी बारा क्रेट टेम्पोत चढवले. प्रत्येक क्रेटमध्ये चोवीस पिशव्या, प्रत्येक पिशवीत एक काडी आणि काडीला नंबर लिहिलेली पत्र्याची पट्टी. काका पुढे ड्रायव्हरशेजारी बसले आणि मला म्हणाले, "प्रज्ञा, तू मागे बस. रोपांवर लक्ष ठेव."

मी लक्ष ठेवलं नाही. मला नवा मोबाईल मिळाला होता आणि मी त्यावर सापाचा खेळ खेळत होते. हे लिहिताना आजही कान गरम होतात. निदान काहीतरी मोठं कारण असायला हवं होतं. शहाडच्या पुढे टेम्पो खड्ड्यात आदळला आणि दोन क्रेट उलटले, चार नंबरचं आणि नऊ नंबरचं. अठ्ठेचाळीस रोपं एकमेकांत मिसळली, काड्या निसटून टेम्पोभर पसरल्या. एकही रोप मेलं नाही. उलट मेली असती तर बरं झालं असतं. काकांनी मोजली असती.

ओरडून टेम्पो थांबवायचा, एवढंच करायचं होतं. काका उतरले असते, त्यांनी बघितलं असतं, आणि अठ्ठेचाळीस चौकोनांत अ लिहिला असता. दोन वर्षांची मेहनत, त्यात नऊ नंबर. आणि मग त्यांनी माझ्या हातातल्या मोबाईलकडे बघितलं असतं. तेवढंच मला नको होतं. मी गुडघ्यांवर बसले आणि रोपं वेगळी करायला लागले. सगळ्या शिवणी सारख्याच दिसतात. निघताना चार नंबरची रोपं जरा उंच वाटली होती, म्हणून मी उंच रोपं चारच्या क्रेटमध्ये भरली आणि ठेंगणी नऊच्या. काड्या खोचल्या. पोहोचलो तेव्हा बाराही क्रेट शहाण्यासारखे आपापल्या जागी होते. काका म्हणाले, "शाब्बास." आणि आम्ही लावायला सुरुवात केली.

मी लवकरच ते विसरले. निदान तेव्हा मी असं म्हणायचे. दर रविवारी घरी वंदना व्हायची आणि पंचशील म्हणताना चौथ्या, खोटं न बोलण्याच्या शीलाला माझी जीभ जरा अडखळायची. आई म्हणायची, एवढी शिकलेली पोरगी आणि उच्चार बघ.

पुढे मी पुण्याला पीएचडीला गेले. माझा विषय ताऱ्यांचा जन्म. अवकाशात वायूचे प्रचंड ढग असतात, ते स्वतःच्याच वजनाने आत ढासळतात, तुटतात आणि तुकड्यांचे तारे होतात. हे प्रत्यक्ष घडताना बघायला माणसाचं आयुष्य पुरत नाही, म्हणून आम्ही ते कॉम्प्युटरवर घडवतो. काकांना यात विलक्षण रस. सुट्टीत आले की तळमजल्यावर परीक्षा. तुझे तारे किती दिवसांत उगवतात? मी म्हटलं, मशीन मोकळं मिळालं तर अकरा दिवसांत. काका काकूंकडे वळून म्हणाले, "ऐकलंस? माझी शिवण आठ वर्षं घेते."

एकदा मी त्यांना समजावलं की खरी अडचण उजेडाची आहे. पहिला तारा पेटला की त्याच्या उजेडाने भोवतालचा वायू तापतो, आणि तापलेला वायू सहजी तुटत नाही. म्हणून त्याच्या आजूबाजूला फार तारे होत नाहीत. उजेडाचा हिशेब सोडून दिला तर कॉम्प्युटर शेकडो खुजे तारे काढून दाखवतो, जे खऱ्या आकाशात नसतात. आणि हिशेब धरायचा तर इतका वेळ लागतो की आम्ही पळवाटा काढतो. उजेड धुरासारखा पसरतो असं मानून चालतो. त्यात एक खोट अशी की धूर अडथळ्याला वळसा घालून मागे जातो, त्यामुळे दाट ढगाच्या मागे जी सावली पडायला हवी ती पडतच नाही.

काका म्हणाले, "सावलीच नाही? मग तुझी लहान रोपं जगतील कुठे?" माझे गाईड हाच प्रश्न तीन पानांत विचारायचे.

त्याच वर्षी माझ्या प्रोग्रॅममध्ये मला एक चूक सापडली. एका ओळीत तापमान चुकीच्या जागी वाचलं जात होतं आणि चार महिन्यांचं काम त्यावर उभं होतं. मी त्याच दिवशी गाईडना सांगितलं, ओळ दुरुस्त केली, सगळं पुन्हा चालवलं. घरी आल्यावर हे सहज बोलता बोलता काकांना सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले. "परत करता येतं तुम्हाला," एवढंच आधी म्हणाले. मग काकूंना हाक मारून मला समोर उभं करून सांगितलं, "बघ, आपली प्रज्ञा स्वतःची चूक स्वतः धरते. नकाशा उगाच नव्हता हिच्या हातात दिला मी." काकूंनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. मला त्या क्षणी जिना चढून वर पळून जावंसं वाटलं, पण मी बसून राहिले आणि लाडू खाल्ला.

लावणीला आठ वर्षं झाली तेव्हा काकांनी घेर मोजले. मी दिवाळीला आले होते. ते वही घेऊन स्वतः पहिल्या मजल्यावर आले. एरवी काका जिना चढत नसत. बाबांनी खुर्ची दिली, पण ते उभेच राहिले.

"नऊ नंबरने फसवलं," ते म्हणाले. "बारांत शेवटचं. आणि चार नंबर सगळ्यांत पुढे. फरक इतका स्वच्छ की मी दोनदा मोजलं."

फरक स्वच्छ असणारच होता. उंच इकडे आणि ठेंगणी तिकडे मीच लावली होती, चारही भागांत, न चुकता. बरणीतल्या चिठ्ठ्यांनी मातीचा पक्षपात काढून टाकला होता. माझा काढायला कुठली चिठ्ठी नव्हती. काकांनी आठ वर्षांनी जे मोजलं ते चार आणि नऊ नंबरचं कूळ नव्हतंच. ते माझं टेम्पोतलं वर्गीकरण होतं.

त्यात आणखी एक गोष्ट होती. घोडबंदर रोडच्या रुंदीकरणात नऊ नंबर जाणार होतं. झाडावर नोटीस चिकटली होती आणि काकांनी हरकत घेतली होती. चार पानांचं पत्र, फोटो, घेर, बियांच्या नोंदी. हे साधं झाड नाही, हा मातृवृक्ष आहे, रस्ता दहा फूट वळवा. कधी नव्हे ते त्यांचं म्हणणं कुणीतरी ऐकून घेत होतं. पुढच्या आठवड्यात सुनावणी होती. काका आम्हाला सांगत होते की ते हरकत मागे घेणार.

बाबा म्हणाले, "अहो दळवीसाहेब, वाचतंय तर वाचू दे ना झाड. वही कोण बघतंय?"

"मी बघतोय ना," काका म्हणाले. "मी लिहून दिलंय की हे उत्तम बियाणं आहे. ते खरं नाही ठरलं. आवडतं झाड म्हणून खोटं कसं ठेवू?"

मी स्वयंपाकघराच्या दारात चहाचा कप घेऊन उभी होते. सांगायची वेळ ती होती. याच्याइतकी सरळ वेळ माणसाला दुसऱ्यांदा मिळत नाही. मी स्वतःला समजावलं की म्हाताऱ्याच्या पत्राने रस्ता थोडाच वळणार आहे, झाड पडायचं ते पडणारच. मला बाहेरदेशी फेलोशिप मिळाली होती, दोन महिन्यांत जायचं होतं, आणि जाताना मला काकांच्या डोळ्यांतली ती प्रज्ञा सोबत न्यायची होती. मी कप त्यांच्या हातात दिला. त्यांनी हरकत मागे घेतली. मे महिन्यात झाड पडलं.

मी तेव्हा परदेशात होते. आईने फोनवर सांगितलं की काका सकाळपासून तिथे जाऊन उभे होते. झाड पडायच्या आधी लाल दोरा लावून शेवटचा घेर घेतला म्हणे. शिवणीला फळं होती. घरी आले तेव्हा त्यांचे दोन्ही खिसे पिवळ्या फळांनी भरलेले होते, आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

त्यानंतर काकांनी चार नंबरचं बी वाटायला घेतलं. शाळा, ग्रामपंचायती, डोंगरावर झाडं लावणारी पोरं. जो मागेल त्याला. सोबत हाताने लिहिलेली चिठ्ठी: आठ वर्षांच्या चाचणीत पहिलं आलेलं. किती रोपं गेली ते मला माहीत नाही. मी ते कधी विचारलं नाही. पुढे आश्रमशाळेला वसतिगृह बांधायचं होतं, त्यात चाचणीची सगळी झाडं गेली. राहिली ती वही.

काकू गेल्या, कोपरीची इमारत पुनर्विकासात गेली, आणि महेशने काकांना घोडबंदर रोडला नेलं. बाल्कनीतून खाली बोट दाखवून काका म्हणायचे, त्या दोन मेट्रोच्या खांबांच्या मधे नऊ नंबर होतं. आणि शेजारी निळ्या ड्रममध्ये खिशातल्या आठळ्यांतून जगलेलं एकुलतं एक झाड. मी परत येऊन मुंबईत नोकरीला लागले होते, कधीमधी जायचे. एकदा ड्रम फिरवताना जरा ओशाळून म्हणाले, "सामान्य आहे गो. आई सामान्य, तर हे कुठलं मोठं व्हायला. पण सवय झालीये." ते त्या झाडाबद्दल माफी मागत होते, आणि माझ्याकडे.

तरी मी बोलले नाही. आणखी दोन वर्षं. शेवटी बोलायला लावलं ते माझ्या एका विद्यार्थिनीने. एके दिवशी ती केबिनमध्ये आली आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, "मॅम, माझ्याकडून दोन फाइल्स मिक्स झाल्यात. कुठली कुठली होती, आता मला नाही सांगता येणार." तिचा आवाजही कापला नाही. मी सवयीने म्हणाले, मग अज्ञात लिही, लाज वाटून घेऊ नको. ती थँक्यू म्हणून गेली. मी दार लावून घेतलं. बावीस वर्षांची मुलगी जे दारातून आत येता येता बोलून गेली, ते मला वीस वर्षांत जमलं नव्हतं.

त्या रविवारी मी ठाण्याला उतरून घोडबंदरची बस पकडली. काका हॉलमध्ये पेपर वाचत होते. पाठ आणखी वाकली होती आणि लाल दोरा आता कॉलरच्या बटणावर पोहोचला होता. महेश बाजारात गेलेला. मी पाणीही न पिता सगळं सांगितलं. टेम्पो, खड्डा, मोबाईल, उंच रोपं, ठेंगणी रोपं. काकांनी मधे एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर कॉलरच्या बटणाशी त्यांची बोटं चाळा करत राहिली.

मग त्यांनी विचारलं, "झाड पडायच्या आधी तुका म्हायत होता?"

"होतं, काका."

ते उठून आत गेले. मला वाटलं, आता बाहेर येणारच नाहीत. ते आले ते वही, पेन आणि फूटपट्टी घेऊन. लोणच्याचा वास कधीच उडून गेला होता, पण नकाशावरचं माझं अक्षर तसंच होतं, गोल गोल, मार्क मिळवणारं. त्यांनी पेन माझ्या हातात दिलं आणि चारच्या पहिल्या ओळीखाली पट्टी धरली.

मी अठ्ठेचाळीस वेळा अ लिहिला. जी झाडं आता कुठेच नाहीत त्यांच्या चौकोनांत. ओळ संपली की ते पट्टी खाली सरकवायचे. शेवटी 'कारण' या रकान्यात मी लिहिलं: वाहतुकीत क्रेट उलटले, रोपं अंदाजाने वेगळी केली. "उंच कुठे, ठेंगणी कुठे तेही लिही," काका म्हणाले. "पुढे कुणी वाचलं तर त्याला कळायला हवं." मी लिहिलं. त्याच्या पुढच्या 'कोणी' या रकान्यात माझं नाव लिहिलं, आणि त्यांनी चष्मा वर करून ते नीट वाचलं.

नंतर त्यांनी फोन मागितला. मुरबाडच्या एका वनपालाला लावला, ज्याने त्यांच्याकडून चार नंबरचं बी सगळ्यांत जास्त नेलं होतं. मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून सांगितलं की चारबद्दल मी लिहून दिलेलं मागे घ्या, ते पहिलं आलं असं म्हणता येत नाही, नऊ शेवटचं आलं असंही म्हणता येत नाही. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. काका म्हणाले, "चूक माझी."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, काका, तुम्ही माझं नाव का नाही सांगितलं.

"वहीत आहे की," ते म्हणाले. "आणि टेम्पोत पुढे मी बसलेलो."

यापलीकडे त्यांनी मला काही म्हटलं नाही. जाऊ दे म्हणाले नाहीत, चहा घे म्हणाले नाहीत, पुन्हा ये म्हणाले नाहीत. मला माफ करा असं मी दोनदा म्हटलं, तेव्हा ते वहीला दोरी बांधत होते. दाराशी चपला घालताना मी मागे वळून बघितलं. काका बाल्कनीत गेले होते. ड्रम तर त्यांनी सकाळीच फिरवलेला असणार. आयुष्यात कधी चुकलेलं नाही. ते झाडाला चिकटून उभे राहिले. खोड मनगटाएवढंच होतं, तरी त्यांनी त्याला कॉलरचं बटण टेकवलं आणि मान मागे टाकून शेंड्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग खाली वाकून, दोन्ही हातांनी, त्यांनी त्या दिवशी दुसऱ्यांदा ड्रम फिरवला.